बाभळीचे २८२ फोटो

माझ्या लॅपटॉपवर ‘बाभूळ’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात २८२ फोटो आहेत. ते कुणालाही दाखवले की पहिले पाच-सहा माणूस उत्सुकतेनं बघतो, दहाव्याला ‘हे सगळे सेमच आहेत ना रे?’ असं विचारतो आणि पंधराव्याला माझ्या तब्येतीची चौकशी करतो. त्यात त्याची काही चूक नाही. फोटो खरंच जवळपास सारखे आहेत. एक पडीक रान, मधे एक वाकडी बाभूळ, मागे पत्र्याची शेड, उजवीकडे कुणीतरी आणून टाकलेला थर्माकोलचा ढीग. बास.

तर झालं असं की २०२४ च्या जुलैमध्ये माझी रवानगी रांजणगाव एमआयडीसीत झाली. तिथल्या एका कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. (‘बसवायचं’ हा शब्द गणपतीला शोभतो. रांजणगावचा महागणपती बसला तो कायमचा बसला. आमचं सॉफ्टवेअर दर सोमवारी उठून उभं राहायचं.) सुरुवातीला मी खराडीहून ये-जा केली. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर... ज्यांनी सकाळी आठचा नगर रोड पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. शेवटी वैतागून कारेगावात एक रूम घेतली.

कारेगाव म्हणजे धड गाव नाही, धड शहर नाही. एमआयडीसीला अगदी चिकटून. पुढच्या बाजूला चार-चार मजली इमारती, मेस, मोबाईलची दुकानं, बिहारपासून मराठवाड्यापर्यंत सगळीकडची पोरं. आणि इमारतीच्या मागच्या खिडकीतून बघितलं की ऊस, कांदा, नाहीतर सरळ माळ. हा सगळा शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. कालव्याचं नाहीतर नदीचं पाणी पोचलं तिथे ऊस, नाही पोचलं तिथे बाजरी आणि बोरी-बाभळी. माझे घरमालक नाना म्हणायचे, "आमच्या बापानं बाजरी केली, आम्ही रूमा करतोय. ह्याला पाऊस लागत नाय."

माझ्या खिडकीखाली नानांचंच दहा-बारा गुंठे पडीक रान होतं. हेच ते फोल्डरमधलं.

आता जरा स्वतःबद्दल. मी सुरू करून सोडलेल्या गोष्टी अशा : गिटार, जपानी भाषा, जिम (तीनदा), शेअर मार्केट, आंबवून ब्रेड करणे. कुठलीही गोष्ट मला जमायला लागेपर्यंत आवडत नाही आणि जमायच्या आत मी ती सोडतो. त्यामुळे ‘मी रोज निसर्गाचे फोटो काढायला लागलो आणि माझं आयुष्य बदललं’ असं काही मी लिहिणार नाही, कारण ते वाचून माझे कॉलेजचे मित्र फुटतील. मी फोटो काढायला लागलो त्याचं कारण निसर्ग नव्हताच. कारण होतं आईचा फोन.

बाबा गेल्यापासून आई रोज रात्री नऊला फोन करते. बाबा होते तेव्हा बोलायचं काम ते करायचे, आम्ही दोघं ऐकायचो. ते गेल्यावर लक्षात आलं की आम्हाला दोघांना एकमेकांशी बोलताच येत नाही. "जेवलास का?" "हो." "काय नवीन?" "काही नाही. तुझं?" "माझं काय असणार..." पंचेचाळीस सेकंद. कॉल लॉगमध्ये ओळीनं पंचेचाळीस, अडतीस, एक्कावन्न अशा वेळा दिसायच्या. मी सॉफ्टवेअरवाला आहे, आकडे दिसले की मला त्यांचा ग्राफ दिसतो. हा ग्राफ खाली चालला होता.

११ ऑगस्टला रविवार होता. सांगायला काहीच नव्हतं म्हणून खिडकीखालच्या झुडपाचा फोटो काढला आणि तिला पाठवला. रात्री फोन आला तो थेट, "अरे ही रुई ना? मारुतीला घालतात ती?" मग ती लहानपणी शनिवारी रुईच्या पानांच्या माळा कशा ओवायची, चीक डोळ्यात गेला तेव्हा आजी कशी ओरडली, बाबांना त्या वासानं कसं मळमळायचं... अकरा मिनिटं! मी काही न करता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फोटो पाठवला. झालं सुरू.

नियम नंतर केले. रोज एकच फोटो आईला जाणार. तो ह्याच रानातला असला पाहिजे. कारखान्यात निघायच्या आधी काढायचा. आणि काढलेला फोटो वाईट असला तरी डिलीट करायचा नाही. एकच फोटो ही कल्पना मला वाटलं माझीच. नंतर कळलं की जिम ब्रॅंडेनबर्ग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं १९९४ साली मिनेसोटातल्या जंगलात २३ सप्टेंबर ते २१ डिसेंबर असे नव्वद दिवस, दिवसाला फक्त एकदाच कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं. तेही फिल्मवर. एकदा दाबलं की त्या दिवसाचा विषय संपला, मग समोर लांडगा येऊन उभा राहो. ते फोटो १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल जिओग्राफिकनं छापले. मीही एक आठवडा ‘एकदाच बटण’ करून बघितलं. सोमवारी जमलं, मंगळवारी माझं बोट आलं, बुधवारी नाद सोडला.

पहिला महिना अतिशय कंटाळवाणा गेला. रानात काही नाही असं माझं ठाम मत झालं. बाभूळ, रुई, तरवड, घाणेरी, गाजरगवत, एका कोपऱ्यात पडकी विहीर. नाना वरून बघायचे आणि विचारायचे, "काय घावलं का साहेब?" त्यांना बहुतेक वाटत असावं की मी जमीन बघतोय.

पण रोज एक पाठवायचाच असल्यामुळे मला खाली बसावं लागलं. उभ्यानं दिसणारं सगळं पहिल्या दहा दिवसांत संपलं होतं. बसल्यावर मात्र भलतंच दिसायला लागलं. रुईच्या पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी सापडली, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती मी रोज बघायला लागलो. ती खायची, वाढायची, कात टाकायची. एक दिवस नाहीशी झाली आणि शेजारच्या फांदीवर फिकट हिरवा कोष लटकलेला दिसला. पुढे त्यातून नारिंगी फुलपाखरू निघालं. बिबळ्या कडवा. अतिशय कॉमन फुलपाखरू, तुमच्या सोसायटीतही असेल. रुईचा जो चीक आजीनं आईला धुवायला लावला होता, त्यातलं विष ही अळी खाऊन स्वतःत साठवते. ते फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि म्हणूनच ते इतकं सावकाश, टंगळमंगळ करत उडतं. मारणारच नाही कुणी, तर घाई कशाला?

सप्टेंबर-ऑक्टोबरात माझ्याकडे बिबळ्या कडव्याचे तेवीस फोटो जमले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा ते सगळे एकत्र लॅपटॉपवर लावून बघत होतो. आई शेजारी बसून करंजीच्या पाऱ्या लाटत होती. ती म्हणाली, "ह्या दोघांचे ठिपके वेगळे आहेत." मी म्हटलं नसतील गं, एकच जात आहे. ती म्हणाली, "मला चष्म्यातून दिसतंय ते तुला दिसत नाही का?"

तिचं बरोबर होतं. एकवीस फोटोंमध्ये मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके होते. दोन फोटोंमध्ये तिथे काहीच नव्हतं, फक्त पंखाच्या वरच्या कडेला एक ठिपका. शोधाशोध केल्यावर कळलं की ही दोन बिबळ्या कडवा नव्हतीच. ती छोटा चांदवा नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी. हिच्यात विष-बिष काही नाही. ही नुसतं विषारी फुलपाखराचं सोंग घेते, रंग तोच, तसंच रमतगमत उडणं, आणि पक्षी फसतात. हेन्री बेट्स नावाच्या माणसानं ॲमेझॉनच्या जंगलात वर्षानुवर्षं फुलपाखरं गोळा करून १८६२ साली हा प्रकार मांडला. यात मेख अशी की सोंग घेणारे थोडेच असावे लागतात. खऱ्यापेक्षा खोटे जास्त झाले तर पक्ष्यांना कळून चुकतं की ही नारिंगी गोष्ट खायला बरी लागते. (आमच्या क्षेत्रातल्या ‘एक्सपर्ट’ लोकांचं असंच काहीतरी झालंय, पण तो विषय नको.)

आणि गंमत पुढेच आहे. छोट्या चांदव्याचा नर अजिबात तसा दिसत नाही. काळाकुट्ट, पंखांवर पांढरे मोठे ठिपके, कडेला निळी-जांभळी झाक. त्याचाही फोटो माझ्याकडे होता, वेगळी जात समजून ठेवलेला. नवरा-बायको एकाच फोल्डरमध्ये दोन महिने शेजारी-शेजारी आणि मला पत्ता नाही. मादी अंडी घालते ती घोळीवर. आई म्हणाली, "घोळ? ती भाजी रे. मुगाची डाळ घालून करतात." दुसऱ्या आठवड्यात मी विहिरीच्या कडेची घोळ शोधून काढली आणि मेसच्या मावशींना दाखवली. त्यांनी करून दिली. आंबटसर लागते.

वाईट फोटो डिलीट करायचे नाहीत हा नियम नसता तर ते दोन गेले असते. दोन्ही आउट ऑफ फोकस होते.

सुगरणींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या सगळ्यांनीच पाहिलेल्या असतात. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना पंधरा-सोळा खोपे होते. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की खोपा सुगरणबाई विणते. विणतो तो नर. अर्धा विणतो, हेल्मेटसारखा, आणि मग लटकून पंख फडफडवत बायकांना बोलावतो. बाई येते, आत शिरून बघते, आवडला तर राहते. नाही आवडला तर तो अर्धा खोपा तसाच वाऱ्यावर. आमच्या बाभळीवर असे रिजेक्ट झालेले सहा होते. मी त्या वेळी दोन स्थळांकडून नकार घेऊन बसलो होतो, त्यामुळे ह्या सहा जणांशी माझं विशेष जमलं.

हिवाळ्यात फुलपाखरं कमी झाली आणि फोटोला विषय राहिला नाही. मग मी गच्चीवर जाऊन बाभळीच्या शेंड्यावर पहिलं ऊन पडतं तो फोटो काढायला लागलो. रोज तोच. काढल्याची वेळ फोटोच्या फाईलमध्येच लिहिलेली असते, म्हणून एका रविवारी छोटी स्क्रिप्ट लिहून सगळ्या वेळा बाहेर काढल्या. शाळेत शिकलो होतो की सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. म्हणजे त्यानंतर सूर्य लवकर उगवायला पाहिजे. पण माझ्या वेळा जानेवारीच्या मध्यापर्यंत पुढेच सरकत होत्या! आधी वाटलं स्क्रिप्टमध्ये बग आहे. दोनदा तपासली. बग नव्हता. सूर्य डोक्यावर आल्यापासून पुन्हा डोक्यावर येईपर्यंतचा काळ बरोबर चोवीस तासांचा नसतो, डिसेंबरच्या शेवटी तो जवळजवळ अर्ध्या मिनिटानं जास्त असतो. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्याचा हा परिणाम. रोजचं अर्धं मिनिट साठत जातं आणि घड्याळातली दुपारच पुढे सरकते, तिच्याबरोबर सकाळही. म्हणजे संक्रांतीला ‘दिवस मोठा होतो’ हे खरं, पण तो वाढलेला असतो संध्याकाळच्या बाजूनं. नोव्हेंबरच्या शेवटापेक्षा सूर्यास्त तेव्हा वीसेक मिनिटं उशिरा होतो. सकाळी मात्र वर्षातला सगळ्यात आळशी सूर्य असतो. लहानपणी संक्रांतीला अंथरुणातून उठवताना आई म्हणायची, "आज दिवस मोठा झालाय, ऊठ." त्या रात्रीच्या फोनवर मी ह्या अन्यायाला वाचा फोडली. ती म्हणाली, "वीस वर्षांनी सांगतोयस होय?"

कॉल तोवर रोजचे पंधरा-वीस मिनिटांवर गेले होते. ग्राफ काढणं मी बंद केलं होतं.

इथवर सगळं छान छान आहे. आता टिटवी.

मार्चच्या शेवटी एका सकाळी रानात पाऊल टाकलं आणि टिटवी अंगावर आली. म्हणजे अक्षरशः डोक्यावरून झेप. ओरडून ओरडून जीव खाल्ला. मी नीट बघितलं तर बाभळीपासून वीस-एक पावलांवर, उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये चार अंडी. घरटं असं नाहीच. मातकट, काळे डाग पडलेली, बघता बघता खड्यांमध्ये हरवणारी. मला आनंदानं वेड लागायचं बाकी राहिलं. एवढे महिने रुई आणि बाभूळ काढून काढून हाताला काय लागलं, तर हे! त्या दिवसापासून रोज सकाळी मी तिथेच. अगदी जवळ जायचो, फोन अंड्यांपासून हातभर. टिटवी ओरडायची, लंगडत लांब जायचं नाटक करायची. तिचे ते नाटकाचे फोटोही मी काढले आणि आईला हसण्याची चित्रं लावून पाठवले.

नवव्या दिवशी अंडी नव्हती. टरफल नाही, काही नाही. खडे तेवढे होते.

कावळा असेल, मुंगूस असेल, गावातलं कुत्रं असेल. मी मनात ह्या तिघांवर खटला भरून टाकला होता. रात्री उगाच फोल्डर चाळत बसलो. गच्चीवरून काढलेले जानेवारीपासूनचे फोटो एकामागून एक पुढे ढकलत होतो, भरभर, सिनेमासारखे. आणि तेव्हा दिसलं. मार्चच्या शेवटापर्यंत रान एकसारखं वाळलेल्या गवताचं आहे. त्यानंतर त्यात एक रेघ उमटायला लागते. आधी पुसट, मग स्पष्ट. फाटकापासून निघते, बाभळीला वळसा घालते आणि सरळ त्या चार अंड्यांपाशी जाऊन थांबते. माझीच वाट. नऊ दिवसांत गवत तुडवून मी नकाशा काढून ठेवला होता. ज्याला कुणाला अंडी खायची होती त्याला फक्त त्या वाटेनं चालत यायचं होतं.

तिनं स्वतः काय केलं होतं? अंड्यांचा रंग मातीचा, घरट्याला काडी नाही की कापूस नाही, हाक मारणारं पिल्लू नाही... कुणाला कळू नये ह्याचा सगळा बंदोबस्त. आणि मी रोज सकाळी जाऊन बोट दाखवून आलो.

घरट्यांचे फोटो काढू नयेत हे पक्षी बघणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगतात. बऱ्याच फोटोस्पर्धा असे फोटो घेतच नाहीत. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण ती टिटवी नऊ दिवस ओरडून तेच सांगत होती की. इंग्रजांना तिच्या ओरडण्यात ‘डिड ही डू इट’ असं ऐकू येतं. एकदा हे वाचलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. ती जोडी रात्रीसुद्धा गच्चीवरून ओरडत जायची आणि मी पंखा फुल करून झोपायचो.

आईला दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "परत घालेल ती. तू लांब राहा."

परत घातली. २२ एप्रिलला. टिटव्यांचं पहिलं वेत गेलं तर त्या पुन्हा घालतात, हे आईला कुठून ठाऊक ते मी विचारलं नाही. ह्या वेळी जागा विहिरीच्या पलीकडे होती आणि मी ती खिडकीतून शोधली, टिटवी उठते कुठून आणि बसते कुठे एवढंच बघून. रानात पाय ठेवला नाही. पण आता वेगळीच पंचाईत झाली. नानांनी ठरवलं होतं, अक्षय तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला, नव्या रूमांचं भूमिपूजन आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी. टिटवीची अंडी उबायला चार आठवडे लागतात. हिशोब सरळ होता.

नानांकडे गेलो. काय बोलायचं ह्याची तीन वेळा तालीम केली होती आणि गेल्यावर सगळं विसरलो. म्हटलं, "नाना, तुमच्या रानात टिटवीनं अंडी घातलीत. वीस-बावीस मेपर्यंत थांबता येईल का?"

नाना बघत राहिले. "टिटवीसाठी?"

"हो."

"ती राती-बेराती वरडती ती? अपशकुनी असतीय ती साहेब."

मी गप्प. ते तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "किती हायत?"

"चार असणार. लांबून नीट दिसत नाहीत."

"चार म्हणल्यावर चार महिने पाऊस." (टिटवीची जितकी अंडी तितके महिने पाऊस असं शेतकरी मानतात. ती बहुतेक वेळा चारच घालते, त्यामुळे अंदाज चुकायला फारशी जागा नाही.) "भूमिपूजन व्हईल त्याच दिवशी. कोपऱ्यात नारळ फोडू. जेसीबीवाल्याला सांगतो पंधरा दिवसांनी ये म्हणून. त्याच्या पुढं मला जमायचं नाय, सिमेंट बुक केलंय."

पंधरा दिवस म्हणजे १५ मे. मला हवे होते वीस. पण मी त्यांच्या जमिनीवर उभा राहून, त्यांच्याच पैशांचं नुकसान करायला सांगत होतो, आणि ज्या रूममध्ये मी राहत होतो तीसुद्धा अशाच कुठल्यातरी पडीक रानावर बांधलेली होती. जास्त ताणायला तोंड नव्हतं.

त्या दिवसांत फोटो काढले ते फक्त खिडकीतून. झूम केलं की फोनच्या कॅमेऱ्यात सगळं मेणासारखं वितळतं, त्यामुळे ह्या फोटोंमध्ये तपकिरी जमीन आणि त्यावर एक तपकिरी ठिपका आहे. आई रोज विचारायची, "आहे का?" मी म्हणायचो, "आहे." भर दुपारी चाळिशीच्या उन्हात नर-मादी पाळीपाळीनं बसायचे. नानांच्या मागच्या पाण्याच्या टाकीची गळती होती, तिथे जाऊन टिटवी पोट भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची. हा मी सुट्टीच्या दिवशी तीन वेळा मोजून बघितलेला प्रकार आहे. ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. आमच्या सर्व्हर रूमचा एसी त्याच आठवड्यात बंद पडला होता, तेव्हा हे तंत्र मी मीटिंगमध्ये सुचवणार होतो.

१५ मेला जेसीबी आलाच नाही, दुसऱ्या कामावर अडकला होता. १९ तारखेलाही नाही. आणि मग २०२५ च्या मेमध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. वळवानं धुऊन काढलं, दौंड-इंदापूर-बारामतीकडे तर भर उन्हाळ्यात पूर आले, आणि २६ मेला मान्सूनच येऊन टेकला. नानांच्या रानात चिखल. माझ्या रदबदलीनं पंधरा दिवस मिळाले आणि पुढचे पावसानं दिले.

२१ मेची सकाळ. मी फाटकाशी बूट घालत होतो. टिटवी ओरडली म्हणून वर बघितलं, तर ती माझ्यापासून दहा फुटांवर जमिनीवरच होती आणि तिच्या मागे तीन पिल्लं. उकडलेल्या अंड्याएवढी, काड्यांसारखे पाय, मानेभोवती पांढरं. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांत चालायला लागतात हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. ती फाटकाच्या फटीतून रस्त्याकडे येत होती, रस्ता ओलांडला की नानांचा ऊस. फोन खिशात होता. हात खिशाकडे गेला. टिटवीनं मान वर करून बघितलं. मी दोन पावलं मागे गेलो, मग आणखी दोन, आणि जिन्यापर्यंत सरकलो. एक टेम्पो येत होता त्याला हात करून थांबवला. ड्रायव्हरला वाटलं मला लिफ्ट पाहिजे. तिघंही पलीकडे गेली. चौथ्या अंड्याचं काय झालं माहीत नाही.

११ ऑगस्ट ते ८ जून असे ३०२ दिवस होतात आणि फोटो २८२. दिवाळी आणि इतर सुट्ट्यांचे आठ, तापाचे पाच, आळसाचे सहा, आणि हा एक. त्या रात्री आईला फोटो नाही म्हणून तोंडी सांगावं लागलं. पंचावन्न मिनिटं.

जूनच्या सुरुवातीला पावसानं दडी मारली, चिखल वाळला आणि ९ तारखेला जेसीबी आला. बाभूळ पाडायला त्याला चार मिनिटंही लागली नाहीत. मी गच्चीतून बघत होतो. संध्याकाळी नाना वर आले, कधी नव्हे ते माझ्या रूममध्ये. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "त्या बाभळीचा एखादा फोटो असंल ना तुमच्याकडं? आमची म्हातारी तिलाच शेळ्या बांधायची."

मी लॅपटॉप उघडून दिला. म्हटलं, नाना, बाण दाबत जा. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मी चहा करून आणला, त्यांचा ग्लास गार झाला, ते बघत होते. एकही सोडला नाही. मधेच "हा बघा, हिथं पाऊस झालता," नाहीतर "ह्या दिवशी रामा ट्रॅक्टर घेऊन आलता" असं काहीतरी. एप्रिलपाशी आल्यावर थांबले, चष्मा वर केला.

"ही वाट कुणी पाडली?"

"मीच," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. बाण दाबून मागे गेले, फेब्रुवारीतला एक फोटो काढला. त्यात ना खोपा ना फुलपाखरू, सूर्यही ढगात. बाभूळ, विहीर आणि थर्माकोल.

"हा द्या," म्हणाले. "हे पांढरं तेवढं काढता येतंय का बघा."